काफीच्या वडीतला गूळ

पुष्पाच्या वडीले जळकी वडी म्हणणारा माणूस माह्या अंगणात आला, तर मी त्याले चहासुद्धा विचारत नाही. आधीच सांगून ठेवते. मंग कोणी म्हणू नये, का इंदूबाईचं तोंड फाटकं आहे म्हणून. आहेच फाटकं. इतकी वर्षं अंगणवाडीत दुसऱ्यांची लेकरं सांभाळली, त्याच्यावर तोंड गोड कुठून राहीन?

पुष्पा तांड्यातली. आमचं गाव कळंबहून राळेगावकडे जाणाऱ्या रस्त्याले लागून आहे. नाल्याच्या अलीकडे आमची बौद्धांची वस्ती, पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा, अन् मधात एक ठेंगणा पूल, जो पावसाळ्यात पाण्याखाली जाते. त्या पुलावरून पुष्पा आपल्या पोरीले कडेवर घेऊन माह्या अंगणवाडीत आली, तेव्हापासूनची आमची ओळख. पोरगी म्हणजे रंजिता. नाकाले शेंबूड, हातात भाकरीचा तुकडा. खिचडी शिजत असली की ही पोट्टी बाकीच्यांसंगं गाणी म्हणायचं सोडून गंजाजवळ उभी. काय टाकलं, काहून टाकलं, आता काय टाकणार, निरा प्रश्नच प्रश्न. मी हाकलून हाकलून थकली, पण ती काही हटली नाही.

आता त्या घरात काफी कुठून आली, ते सांगते. कारण आमच्याकडे काफी म्हणजे थंडीतल्या लग्नात भेटणारी वस्तू. मंडपाच्या कोपऱ्यात मशीन फुसफुसत असते, वरून भुरभुर भुकटी टाकून कागदी कपात देतात, अन् लोक जेवणाआधीच दोन-दोन कप पिऊन घेतात. घरात कोणी करत नाही. कोणी दारू पिऊन आला तरच बिनदुधाची काफी आठवते.

पुष्पाचा नवरा शाम लग्न झाल्यावर वणीले गेला होता, कोळशाचे ट्रक भरायच्या कामावर. पुष्पाही संगं गेली. तिथं कॉलनीत एका मद्रासकडच्या साहेबाच्या घरी तिले धुण्याभांड्याचं काम भेटलं. त्या घरच्या बाईले ही अम्मा म्हणे. अम्माकडे एक दोन मजली स्टीलचं भांडं होतं. वरच्या मजल्यात काफीची पूड, तिच्यावर उकळतं पाणी, अन् खालच्या मजल्यात थेंब थेंब काळं पाणी जमा होई. ते जरासं उरलं की अम्मा मोरीत ओतायले सांगे. पुष्पाच्या हातून खायची वस्तू फेकवत नाही, पहिल्यापासून. एक दिवस तिनं ते उरलेलं काळं पाणी अम्माच्याच शिऱ्यात ओतलं. मंग भीती वाटली. आता ही बाई मले कामावरून काढते म्हणून ती भिंतीले चिकटून उभी राह्यली. अम्मानं एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, अन् आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते पुष्पाले आजपर्यंत समजलं नाही. पण त्या दिवसापासून ते पाणी मोरीत गेलं नाही.

पुढं अम्मानंच तिले वळण लावलं. काफीची भुकटी कोरडी टाकायची नाही, ती आधी दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून घ्यायची. आच मोठी ठेवायची नाही, नाही तर कडूपणा जळकट लागते. अन् काफी घातली तर वेलची घालायची नाही, दोघींचं एकमेकींशी पटत नाही. हे सारं पुष्पा मले सांगे, तर मी म्हणे, बाई, तू मले चहाच पाज. पण ऐकायले बरं वाटे. कारण एरवी ही बाई दिवसभरात चार शब्द बोलायची नाही, अन् काफीचं निघालं की तिचे हात हलत, डोळे हलत.

वणीचं काम सुटलं. शामले खोकला लागला होता, अन् ते लोक तांड्यात परत आले. पुष्पानं आल्यावर किराण्याच्या दुकानातून काफीच्या बारक्या पुड्या आणल्या अन् शिरा केला. सासूनं पाह्यला अन् विचारलं, चूल सांभाळता येत नाही काय तुले? सारा तांडा हसला. मलेही तिनं वाटीत आणून दिला होता. मी नाक मुरडतच पहिला घास घेतला. खोटं कायले बोलू, दुसऱ्या घासाले मी वाटी खाली ठेवलीच नाही. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेले आमच्या विहारात खीर होती, तर मी पुष्पाले बोलावलं अन् म्हटलं, टाक तुही काफी. म्हाताऱ्या बायांनी आधी वास घेतला, मंग एकमेकींची तोंडं पाह्यली, अन् शेवटी गंजाचं बूड खरवडायले भांडण झालं. त्यानंतर बारसं असो, वाढदिवस असो, दोन्ही वस्त्यांतून पुष्पाले बोलावणं येई.

वडी मात्र अम्माची नाही. वडी रंजितानं काढली. शाळेत होती तेव्हाची गोष्ट. साखर घातलेली काफीची वडी पुष्पा करे, पण ती पोट्टीले आवडेना. मायले त्यांच्यात याडी म्हणतात, म्हणे याडी, हे नुसतं गोड अन् मंग नुसतं कडू लागते, दोघं एक होत नाहीत. तिनं गुळाचा पाक केला. तार आली की खाली उतरवायचा, त्यात काफीचं पाणी घालायचं. भस्सकन फेस वर येते, तेव्हा घाबरायचं नाही, ढवळत राहायचं. मंग भाजलेल्या दाण्याचा कूट, भाजलेला तीळ, अन् तूप लावलेल्या ताटात थापायचं. रंग असा होते की निरा काळा. पण तोंडात टाकली की आधी गूळ लागते, मंग काफी, अन् शेवटी तीळ. पुष्पानं ती खाल्ली अन् पोरीकडे पाहतच राह्यली. मले येऊन म्हणाली, माही पोरगी माह्या पुढं गेली ताई. मी तिले इतकं खुश पुन्हा कधी पाह्यलं नाही.

बारावी झाली, तसं रंजितानं यवतमाळले बेकरीच्या सरकारी कोर्सले नाव टाकलं. वर्षाचा कोर्स. सकाळच्या एसटीनं जाई, संध्याकाळच्या एसटीनं येई. येता येता माह्या दारात थांबून सांगे, बाई, भट्टी इतकी मोठी आहे की आपण दोघी आत बसू. बाई, आज मैद्याचं हे केलं, आज ते केलं. मायलेकींचं ठरलं होतं की कोर्स झाला की कळंबले, चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक बारकी भट्टी टाकायची अन् सारं काफीचं करायचं. केक, बिस्किट, वडी. देवळात येणारे लोक निरा पेढे खाऊन कंटाळले असतीन, असं रंजिताचं म्हणणं. पुष्पाले एवढंच पाह्यजे होतं, दुसरं काही नाही. पोरीचा कोर्स पुरा व्हावा, अन् तोवर तिचा गूळ कोणी खाऊ नये.

गुळाचं तुमाले सांगावं लागीन. त्यांच्यात रीत आहे. सोयरीक जमली की नायक अन् पंचांच्या समोर, पोरीच्या घरी, गूळ वाटतात. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. दोन्हीकडच्या माणसांनी तो गूळ तोंडात टाकला की झालं, शब्द पक्का. मंग मोडता येत नाही. मोडली तर पंचायत बसते, अन् त्या भावकीतल्या बाकी पोरींनाही कोणी विचारत नाही. रीत म्हणून ती वाईट नाही, शब्दाले किंमत आहे त्यात. पण पुष्पानं मले एकदा सांगितलं होतं, ते मी विसरत नाही.

"माहा गूळ खाल्ला ना ताई, तवा मी झोपली होती. उठली तं याडीनं हातावर खडा ठेवला. म्हणे, खा, तुही सोयरीक झाली."

म्हणून तिनं ठरवलं होतं की रंजिता स्वतःच्या तोंडानं हाव म्हणीन, तेव्हाच तिच्या घरात गूळ फुटीन.

संक्रांत झाली अन् शामनं घरात सांगितलं, रविवारी पाहुणे येतात, वणीकडच्या तांड्याचे. पोरगा बादल, टिपर चालवते, आपल्यात चांगलं घर आहे. शाम काही मारकुटा माणूस नव्हता. दारू तर शिवत नव्हता. पण पोरगी रोज एसटीनं यवतमाळले जाते, लोक बोलतात, हे त्याच्या पोटात दुखत होतं, अन् ते दुखणं त्याले लवकर काढून टाकायचं होतं. पुष्पा त्याच्याशी आठवडाभर भांडली. शेवटी ठरलं, पाहुण्यांनी नुसतं पाहून जावं. कोर्स पावसाळ्यात संपते, मंग पाहू. शामनं पाहुण्यांपुढं काय बोलायचं ते वाक्यसुद्धा तिनं त्याच्याकडून पाठ करून घेतलं.

तरी तिचा जीव ठिकाणावर नव्हता. माणसं बसली, गोष्टी रंगल्या, कोणी म्हटलं आणा रे गूळ, तर? शनिवारी सांजीले ती माह्या घरी आली. पदराखाली काहीतरी होतं. काढलं तर गुळाची भेली, संक्रांतीले आणलेली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली. म्हणे ताई, हे तुमच्याकडे ठेवा, घरात खडाभर गूळ राहू द्यायचा नाही उद्या. डब्यातला चुराही झटकून आणला होता तिनं. शेजारपाजारच्या बायांनाही हात जोडून सांगून आली होती की आमच्याकडून कोणी मागायले आलं तर संपला म्हणा. आम्ही दोघी त्या भेलीकडे पाहून लय हसलो. मी ती फळीवर, तिखटाच्या बरणीमागं ठेवली.

रविवारी मीही गेली. पुष्पानं बोलावलं होतं, जवळ कोणीतरी असावं म्हणून. बाहेरच्या खोलीत माणसं, आतल्या खोलीत आम्ही तिघी, मधात पडदा. पाहुण्यांत बादल होता, त्याचा मोठा काका उकंडा होता, अजून दोघं होते. तांड्याचे नायक प्रेमसिंग येऊन बसले होते. म्हातारा माणूस, कोणाचं खाल्लेलं नाही, उलट चार जणांची भांडणं मिटवलेली. बादलचंही वाईट सांगण्यासारखं काही नाही. बसला होता खाली मान घालून, मोबाईल चाळत. बोलत होता तो उकंडा. पांढरे कपडे, बारीक मिशी, अन् प्रत्येक वाक्याले हसणं.

पुष्पानं चिवडा केला होता अन् चहा. गोड काहीच नाही, मुद्दाम. पडद्याआडून आम्ही ऐकत होतो. पोरीले भाकर येते काय, वावरातलं काम केलं काय, आजारपण काही आहे काय, सारं विचारून झालं. कोर्स कशाचा आहे, हे कोणी विचारलं नाही. रंजिता माह्या शेजारी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. मंग उकंडानं विषय काढला, तर शामनं ते पाठ केलेलं वाक्य बरोब्बर म्हटलं. पावसाळ्यात कोर्स संपते, मंग पाहू. पुष्पानं माह्याकडे पाह्यलं अन् तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मले दिसलं. ती दुसरा चहा गाळायले वळली.

बाहेर उकंडा म्हणाला, चिवडा झकास आहे, पण एवढ्या दुरून आलो, तोंड गोड नाही केलं भाऊ तुम्ही. शाम उठला. भिंतीतल्या फळीवर एक स्टीलचा डबा होता. त्यात वडी होती. रंजितानं शुक्रवारी केली होती, सोमवारी कोर्सले न्यायले. त्यांच्या मास्तरीणबाईनं सांगितलं होतं, प्रत्येकीनं आपल्या घरची एक गोड वस्तू करून आणा. पुष्पानं घरातला गुळाचा चुराही झटकून काढला, अन् तो डबा तिच्या डोळ्यासमोर होता. मीही आल्या आल्या पाह्यला होता. पण ती काफीची वडी. आमच्या दोघींच्या डोक्यात तिचं नावच काफीची वडी. त्या काळ्या वस्तूत गूळ आहे, हे आठवायले कोण बसलं होतं?

डबा फिरला. नायकांनी घेतली, उकंडानं घेतली, बादलनं दोन घेतल्या. मंग उकंडानं विचारलं, ही कोणी केली? शामनं सांगितलं, रंजितानं. उकंडा म्हणाला, मी नागपूरले मोठमोठ्या दुकानात खाल्लं, असं नाही खाल्लं. साखर कोणती टाकते बाप्पा ही पोरगी?

तासभर त्या घरात तिची भाकर, तिचं वावर, तिचं आरोग्य चाललं होतं. पहिल्यांदा कोणीतरी तिच्या हातच्या कलेचं विचारलं. माह्या शेजारचं डोकं वर झालं. तोंडावर असा उजेड की काय सांगू. अन् ती पडद्याआडून मोठ्यानं बोलली.

"साखर नाही त्यात. गूळ आहे. साखरेनं काफी फिकी पडते."

पुष्पाच्या हातातली गाळणी तशीच राह्यली. चहा ओट्यावरून खाली गळत होता.

उकंडा हसला. म्हणाला, घ्या नायक, गूळ तर खाल्ला आपण. सारे हसले. मीही हसली असती, मले वाटलं थट्टा आहे. पण तो थांबला नाही. हसत हसतच त्यानं मोजून दाखवलं, पोरीचं घर आहे, पोरीच्या बापानं हातानं वाटला, नायक समोर आहेत, दोन्हीकडची माणसं आहेत, अन् गूळ आहे म्हणून पोरीनं स्वतः सांगितलं. आता अजून काय पाह्यजे? हसणं एकेकाचं बंद होत गेलं. साऱ्यांनी शामकडे पाह्यलं. त्यानं नुसतं नाही म्हणायचं होतं. थट्टा पुरे भाऊ, चहा घ्या, एवढं म्हटलं असतं तरी विषय तिथंच संपला असता. शामनं उकंडापुढं हात जोडले, मान्य आहे म्हणून. वडीत गूळ आहे हे डबा उचलतानाच त्याले माह्यत होतं, असं मले वाटते. तो नाही म्हणते. खरं खोटं त्याचं त्याले माहीत.

पुष्पा पडदा सारून बाहेर गेली. पंचांसमोर ती आजवर कधी बोलली नव्हती.

"तो गूळ नाही नायक. काफीची वडी आहे ती."

प्रेमसिंगांच्या हातात अर्धी वडी होती. त्यांनी ती जराशी फिरवून पाह्यली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मी शपथेवर सांगीन.

"काफी टाकली म्हणून गूळ गूळ राहत नाही काय, बाई?"

अन् उरलेला तुकडा त्यांनी तोंडात टाकला.

मी मंग आवरली नाही. बाहेर जाऊन जे तोंडाले आलं ते बोलली. ही काय सोयरीक झाली, पोरीले फसवता काय, लाज वाटत नाही काय. त्यांनी मले शिवी दिली नाही. उकंडानंच हात जोडून सांगितलं, बाई, हे आमच्या घरचं आहे. आमच्या वस्तीत साऱ्याच पोरींले विचारून लग्नं लागतात, असं म्हणायले माही जीभ रेटली नाही.

घरात रंजिता चुलीजवळ बसून होती. रडत नव्हती. तिचा डबा तिच्या पायाशी आणून ठेवला होता, रिकामा. सोमवारी ती यवतमाळले गेली नाही. न्यायले काहीच नव्हतं.

पुष्पा दुसऱ्या दिवशी नायकांच्या घरी गेली. त्यांनी तिले बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, शामनं येऊन सांगावं की माह्याकडून चूक झाली, मी पंचायत बोलावतो, दंड काय होईन तो होईन, पाहू. म्हणजे दार उघडं होतं. शाम गेला नाही. पुष्पानं भांडण केलं, जेवण सोडलं, माहेरी जाऊन बसली अन् परत आली, पण तो गेला नाही. त्याच्या भावाच्या दोन पोरी होत्या लग्नाच्या, त्यांचं काय करू, एवढंच म्हणे. तेही खरंच होतं, अन् त्याच खऱ्याच्या मागं तो लपून बसला.

मी रंजिताले अंगणवाडीत बोलावलं. दार लावून सांगितलं, तू एकोणीस वर्षांची आहे, कायदा तुह्या बाजूनं आहे, माह्यासंगं कळंबले चल, मी उभी राहीन. तिनं ऐकून घेतलं. लहानपणी जिथं उभी राहून खिचडी पाहायची, तिथंच उभी होती.

"बाई, गूळ आहे म्हणून मीच सांगतलं ना. आता मी फिरली, तं लोक याडीले म्हणतीन, तूच पढवलं. तिले जगू देणार नाहीत."

मी म्हटलं, अगं, त्यांनी साखरेचं विचारलं होतं, लग्नाचं नव्हतं. ती म्हणाली, ते तुमाले माह्यत आहे अन् मले माह्यत आहे. मंग ती निघून गेली. त्या वयाच्या पोरीनं एवढं शहाणं असू नये. शहाणी होती म्हणूनच तिचा घात झाला.

लग्न उन्हाळ्यात लागलं, कोर्सची परीक्षा व्हायच्या आधी. लग्नाच्या आधी उकंडाचा फोन आला, मंडपात तीच वडी पाह्यजे, जिनं सोयरीक जुळवली. पुष्पानं केली. साखरेची केली. दोनशे माणसांनी खाल्ली अन् कोणी कोणी म्हणालं, त्या दिवशीसारखी नाही लागत. पुष्पा वाढत राह्यली.

त्यानंतर तांड्यात एक गंमत झाली. म्हणायले गंमतच. ज्या घरी लग्नाची पोरगी आहे, त्या घरी पाहुणा आला तर बाया त्याच्यापुढं चिवडा ठेवतात. लाडू नाही, वडी नाही, जिलेबीसुद्धा नाही. एका घरी तर चहाही बिनसाखरेचा दिला. माणसं चिडतात, पण बाया ऐकत नाहीत. तोंड खारट करून पाहुणे जातात. मले हे कळलं तेव्हा मी पहिल्यांदा हसली अन् मंग मले राग आला. एक पोरगी गेल्यावर बाकीच्यांले शहाणपण आलं, अन् तेही फक्त गुळापुरतं.

रंजिता वणीकडच्या तांड्यात आहे. जिथून तिच्या मायनं काफी आणली, तिकडेच. बादल टिपरवर जाते, दोन दोन दिवस घरी नसते. मारत नाही, असं ती सांगते, अन् आम्ही ते चांगलं समजतो. पाहा बरं आमची समज. घरात तिच्या सासूनं काफी बंद केली. काफी गरम असते, लेकरू राहत नाही म्हणे. आधी एक पुडी तिनं लपवून ठेवली होती, ती सापडली तर चुलीत टाकली. वास सुटला, तेवढाच. बेकरी कोर्सच्या मास्तरीणबाईनं एकदोनदा फोन केला होता, परीक्षेले तरी पाठवा म्हणून. मंग त्यांनीही सोडलं. कशाले करतीन त्या तरी?

पुष्पा इथं अजून काफीचं करते. कोणाचा वाढदिवस असला की शिरा, आमच्या विहारात खीर. पण गूळ तिनं घरात ठेवला नाही. दिवाळीच्या लापशीले लागते म्हणून दुकानातून ओंजळभर आणला अन् त्याच दिवशी संपवला. तिची भेली माह्याच फळीवर होती. पावसाळ्यात तिले पाणी सुटलं, फडकं चिकटून बसलं, मुंग्या लागल्या. मी दोनदा उन्हात ठेवली. नेतेस काय म्हणून विचारलं, तर ती दुसरंच काहीतरी बोले. शामशी ती बोलते, भाकर वाढते, सारं करते. पण तो फळीवरच्या डब्याकडे पाहत नाही, अन् ती त्याच्याकडे पाहत नाही.

दिवाळीले रंजिता आली. पोट दिसत होतं. वाळली होती, हातावर तेलाचे चटके होते. मी पाहायले गेली तर उंबरठ्यावर बसली होती. मले वाटलं आल्या आल्या चुलीकडे धावीन, हे टाकलं काय, ते टाकलं काय विचारीन. ती आत गेलीच नाही. पुष्पानं तिच्यासाठी वडी केली होती. बशीत ठेवून आणली, अन् समोर उकिडवी बसली. परीक्षा देणाऱ्या लेकरासारखं तिचं तोंड झालं होतं.

रंजितानं एक तुकडा मोडला, तोंडात टाकला. चावत राह्यली. मंग म्हणाली, साखरेची आहे. रंजितानं बशीतला दुसरा तुकडा घेतला नाही, पण बशी सरकवलीही नाही. नाल्याकडे पाहत बसली.

"टाकत जाय ना याडी गूळ. आता काय राह्यलं?"

शांतपणानं म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, रागही नव्हता. राग असता तर मले बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पा पूल ओलांडून माह्या घरी आली. बसली नाही. म्हणाली, ताई, माही भेली द्या. मी तिखटाची बरणी सरकवून ती काढली, फडक्यावरच्या मुंग्या झटकल्या अन् तिच्या हातात दिली. तिनं ती पदराखाली घेतली नाही, तशीच उघड्या हातात धरून तांड्याकडे गेली.